संथ खेळ आणि समितीची जबाबदारी : राज्यातील गोल्फ क्लबांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कॅप्टन, गोल्फ समितीचे सदस्य आणि कार्यकारिणीचे पदाधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व गोल्फ क्लब

विषय : सुट्टीच्या दिवशी फेरीला लागणारा वेळ आणि मैदानावरील शिष्टाचार

महोदय आणि महोदया,

पावसाळा संपून हिवाळी हंगामाच्या स्पर्धांचे वेळापत्रक ठरवण्याचे दिवस आले आहेत आणि पुणे, मुंबई, नाशिकपासून नागपूरपर्यंतच्या क्लबांमध्ये त्यासाठी बैठका सुरू होतील. या बैठकांत मैदानाची डागडुजी, प्रायोजक, बक्षिसे आणि जेवणाची व्यवस्था यांवर सविस्तर चर्चा होते. संथ खेळाचा विषय मात्र शेवटी निघतो, सर्वजण त्यावर हळहळ व्यक्त करतात आणि फलकावर आणखी एक विनंतीपत्रक लावण्याचे ठरते. एक सभासद म्हणून आणि या खेळावर मनापासून प्रेम करणारा माणूस म्हणून मी आपल्याला विनंती करतो की या वर्षी हा विषय बैठकीच्या आरंभी घ्यावा आणि त्यावर निर्णय करूनच उठावे.

चार जणांच्या गटाने अठरा होल चार तासांत, अवघड मैदानावर फार तर सव्वाचार तासांत पूर्ण करावेत, ही अपेक्षा कोणत्याही अर्थाने कठोर नाही. चार तासांना अठराने भागले तर प्रत्येक होलला तेरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो आणि चालत जाऊन खेळण्यास तो पुरेसा आहे. तरीही आपल्याकडच्या अनेक मैदानांवर रविवारी याच फेरीला पाच तास लागतात, स्पर्धेच्या दिवशी त्याहूनही अधिक. याचा दोष सहसा 'हल्लीचे खेळाडू' या मोघम वर्गावर टाकला जातो. माझे म्हणणे वेगळे आहे. मैदानावरचा वेळ ही सर्वांची सामायिक वस्तू असते. तिची वाटणी पहिल्या टीवर, म्हणजे फेरीचा पहिला फटका मारण्याच्या जागी, होते आणि ती वाटणी करण्याचा अधिकार फक्त समितीला असतो. समितीने आपले काम नीट केले, तरच सभासदांकडून शिष्टाचाराची मागणी करण्याचा तिला नैतिक आधार राहतो.

पहिला प्रश्न गट किती अंतराने सोडले जातात हा आहे. समजा, दर आठ मिनिटांनी चौघांचा एक गट (फोरबॉल) सोडला जातो आणि सुरुवातीच्या एखाद्या अवघड पार-थ्री (तीन फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या) होलवर चौघांनी टी-शॉट मारून, चालत ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) पोहोचून, पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचे फटके) पूर्ण करून ग्रीन मोकळे करण्यास दहा मिनिटे लागतात. पहिला गट अडथळ्याविना पुढे जातो, दुसऱ्याला त्या टीवर दोन मिनिटे थांबावे लागते, तिसऱ्याला चार, आणि अकरावा गट तेथे पोहोचतो तेव्हा त्याच्या वाट्याला वीस मिनिटांचे थांबणे येते. या अकरा गटांत एकही संथ खेळाडू नाही, प्रत्येकाने नियमाप्रमाणे आणि वेळेवर खेळ केला आहे, तरीही रांग लागली आहे. टोलनाक्यावर एका गाडीला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी अंतराने गाड्या येत राहिल्या, तर चालक कितीही कुशल असले तरी रांग लांबतच जाते. येथेही नेमके तेच घडते.

त्यामुळे टी-टाइममधील अंतर हे त्या मैदानावरील सर्वात वेळखाऊ होलला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी असता कामा नये. यावर हरकत घेतली जाते की अंतर वाढवले तर गट कमी होतील आणि सभासद नाराज होतील. सकाळी साडेसहा ते साडेआठ या दोन तासांत आठ मिनिटांच्या अंतराने पंधरा गट सुटतात आणि दहा मिनिटांच्या अंतराने बारा, म्हणजे बारा खेळाडूंना सकाळची वेळ मिळत नाही, हे खरे आहे आणि ते सभासदांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्या होलमधून दहा मिनिटांना एकच गट बाहेर पडू शकतो, त्या मैदानात आठ मिनिटांना एक गट ढकलल्याने कोणाचीही फेरी लवकर संपत नाही. ते जादा तीन गट घरी थांबण्याऐवजी मैदानावर उभे राहून थांबतात, आणि आपल्याबरोबर मागच्या सर्वांनाही थांबवतात. दर तासाला एक टी-टाइम मुद्दाम रिकामा ठेवला, तर सकाळी साचलेला उशीर त्या पोकळीत विरून जातो. पार-थ्रीवर मागच्या गटाला बोलावून घेण्याची पद्धतही फार उपयोगी आहे. सर्व चेंडू ग्रीनवर किंवा ग्रीनच्या आसपास आले की पुढच्या गटाने चेंडूंच्या जागी खुणा करून बाजूला उभे राहावे, मागच्या गटाला टी-शॉट मारू द्यावा आणि ते चालत येत असताना आपले पट पूर्ण करावेत. असे केले की दोन गटांचा वेळ काही अंशी एकमेकांवर चढतो आणि तेवढाच वाचतो. ही पद्धत कोणत्या होलवर पाळायची याची पाटी टीजवळ असावी, म्हणजे ती कोणाच्या सौजन्यावर अवलंबून राहणार नाही.

मैदानाची मांडणीही समितीच्याच हातात आहे. आपल्याकडे पावसाळ्यात रफ, म्हणजे कडेचे उंच गवत, इतके वाढते की फेअरवेपासून (टी ते ग्रीनमधल्या आखूड गवताच्या पट्ट्यापासून) चार पावलांवर पडलेला चेंडू दिसत नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते वेळेवर कापले गेले नाही तर प्रत्येक होलवर चौघे खेळाडू आणि त्यांच्या बॅगा वाहणारे चार कॅडी गवतात वाकून फिरताना दिसतात. फेअरवेलगतचा पहिला पट्टा आखूड ठेवणे हा वेग वाढवण्याचा अत्यंत सोपा उपाय आहे. स्पर्धेच्या दिवशी मैदान 'कठीण' दिसावे म्हणून उतारावर खोदलेले होल आणि सर्वात मागे नेलेले टी यांच्यामुळे उत्तम खेळाडूंची परीक्षा होते की नाही यावर मतभेद असू शकतील. चोवीस हॅन्डिकॅपच्या (म्हणजे फेरीला ठरलेल्यापेक्षा साधारण चोवीस फटके जास्त लागणाऱ्या) खेळाडूला मात्र त्यामुळे प्रत्येक होलवर एक-दोन फटके जास्त लागतात आणि त्याची किंमत संपूर्ण मैदान मोजते. पुढच्या टीवरून खेळणे हे वय किंवा दुर्बलता यांचे लक्षण आहे, ही समजूत आपल्या क्लबांमध्ये अजून घट्ट आहे. ती मोडण्यासाठी कॅप्टनने आणि समिती सदस्यांनी स्वतः महिन्यातून एखादी फेरी पुढच्या टीवरून खेळावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता नियमांकडे येतो. २०१९ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी नियमपुस्तक नव्याने लिहिले, तेव्हा वेगाने खेळणे सोपे व्हावे हा त्यांचा एक स्पष्ट हेतू होता. हरवलेला चेंडू शोधण्यासाठी पूर्वी पाच मिनिटे मिळत, आता तीनच मिळतात. आपली पाळी आल्यावर आणि कोणताही अडथळा नसताना चाळीस सेकंदांच्या आत फटका मारावा, आणि बहुतेक वेळा त्याहूनही लवकर मारावा, अशी शिफारस नियम ५.६ मध्ये आहे. स्ट्रोक प्लेमध्ये (फेरीतले सर्व फटके मोजण्याच्या पद्धतीत), सुरक्षितता सांभाळून, जो तयार असेल त्याने आधी खेळावे, यास नियमांनी परवानगीच नव्हे तर प्रोत्साहनही दिले आहे. झेंड्याची काठी होलमध्ये ठेवून पट करता येतो. खेळाडू फटक्यासाठी उभा राहू लागला की त्याच्या मागे रेषेत उभे राहून कॅडीने त्याची दिशा जुळवून देणे आता चालत नाही. हे सर्व बदल होऊन इतकी वर्षे झाली, तरी आपल्याकडे आजही चेंडू शोधताना 'पाच मिनिटे झाली नाहीत' असे ठासून सांगणारे खेळाडू भेटतात, मागचा होल कोणी जिंकला म्हणून पहिला फटका मारण्याचा मान कोणाचा यावर टीवर चर्चा चालते, आणि दोन फुटांच्या पटसाठी काठी काढून, खाली ठेवून, पुन्हा लावली जाते. नव्या नियमांची माहिती सभासदांपर्यंत पोहोचवण्याचे काम समितीचे होते, आणि बऱ्याच ठिकाणी ते अर्धवट राहिले आहे.

एक स्थानिक नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला आणि खेळाडूने प्रोव्हिजनल (खबरदारी म्हणून आधीच मारून ठेवायचा दुसरा) चेंडू मारलेला नसला, तर मूळ नियमाप्रमाणे त्याला मागे चालत जाऊन आधीचा फटका जेथून मारला तेथून पुन्हा खेळावे लागते. त्याऐवजी दोन फटक्यांचा दंड घेऊन चेंडू हरवला त्या भागाजवळ, फेअरवेच्या कडेपर्यंत येऊन ड्रॉप घेण्याची (चेंडू हातातून खाली टाकून तेथून खेळण्याची) मुभा समितीला स्थानिक नियमाद्वारे देता येते. वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी तो नाही, परंतु सभासदांच्या नेहमीच्या फेऱ्यांसाठीच तो तयार केला गेला आहे. आपली शहरातली मैदाने अरुंद आहेत, भिंती आणि कुंपणे फेअरवेला खेटून आहेत, आणि एका होलवर दोन चेंडू भिंतीपलीकडे जाणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा मैदानांच्या स्कोअरकार्डावर हा नियम छापलेला नसेल, तर तो का नाही याचे उत्तर समितीने द्यावे.

हॅन्डिकॅपसाठी प्रत्येक होल शेवटपर्यंत खेळलाच पाहिजे, हा गैरसमजही दूर झाला पाहिजे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हॅन्डिकॅप पद्धतीत एका होलवरचा जास्तीत जास्त गुण 'नेट डबल बोगी' इतकाच धरला जातो, म्हणजे पारपेक्षा (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) दोन अधिक आणि त्या होलवर खेळाडूला हॅन्डिकॅपमुळे मिळणारे फटके. ती मर्यादा गाठली की पुढचा प्रत्येक फटका हिशेबात जात नाही. फक्त वेळ घेतो. फ्रँक स्टेबलफोर्ड या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी गुणपद्धती १९३२ मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे पहिल्यांदा स्पर्धेत वापरली गेली. त्या पद्धतीत एखाद्या होलवर गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे जाता येते, आणि त्यात काही कमीपणा नसतो. सभासदांच्या मासिक स्पर्धा स्ट्रोक प्लेऐवजी अधिक वेळा स्टेबलफोर्डने घ्याव्यात, ही माझी स्पष्ट सूचना आहे.

खेळाडूंची जबाबदारी यामुळे कमी होते, असे मी म्हणत नाही. चार खेळाडूंनी प्रत्येकी नव्वद फटके मारले तर फेरीत तीनशे साठ फटके होतात, आणि प्रत्येक फटक्याला केवळ पंधरा सेकंद जास्त लागले तर फेरी दीड तासाने लांबते. हे पंधरा सेकंद कोठे जातात, हे आपण सर्वजण जाणतो. आपली पाळी आल्यावर मगच ग्लोव्ह चढवायला घेणे, दुसरा खेळत असताना आपले अंतर न मोजता नंतर मोजणे, फेअरवेच्या मधोमध थांबून फोनवर बोलणे, बॅग ग्रीनच्या चुकीच्या बाजूला ठेवून पुन्हा मागे चालत येणे, आणि खेळून झाल्यावर ग्रीनवरच उभे राहून गुण लिहिणे व पैजेचा हिशेब करणे, या सवयी वाईट हेतूने लागलेल्या नसतात. त्या लागतात, कारण त्यांबद्दल कोणी कधी काही बोललेले नसते.

बोलायचे कोणी, हा खरा अवघड भाग आहे. आपल्या बहुतेक क्लबांमध्ये मार्शल म्हणून, म्हणजे खेळाच्या वेगावर लक्ष ठेवायला, नेमलेला माणूस क्लबचा कर्मचारी असतो. समोरचा सभासद निवृत्त वरिष्ठ अधिकारी असतो, मोठा उद्योजक असतो, किंवा ज्या समितीने त्या मार्शलला नेमले तिचाच माजी अध्यक्ष असतो. त्या मार्शलने 'साहेब, पुढचा एक होल रिकामा आहे' असे म्हणावे आणि साहेबांनी ते ऐकून घ्यावे, ही अपेक्षा कागदावरच राहते. मी स्वतः एका मैदानावर पाहिले आहे की अशी विनंती करणाऱ्या मार्शलला सर्वांसमोर त्याची जागा दाखवून देण्यात आली, आणि त्यानंतर त्या हंगामात त्याने कोणालाही काही सांगितले नाही. त्याला दोष देता येणार नाही. ज्या माणसाच्या मागे समिती उभी नाही, त्याच्या हातात झेंडा देऊन त्याला मैदानावर सोडणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे.

व्यावसायिक खेळात काय घडते, हे येथे सांगणे गरजेचे आहे, कारण दूरदर्शनवरचे संथ खेळाडू पाहूनच आपल्याकडचे अनेक जण पटची रेषा चारही बाजूंनी न्याहाळायला शिकले आहेत. २०१९ मध्ये न्यू जर्सीतील स्पर्धेत ब्रायसन डिशॅम्बो याने सुमारे आठ फुटांच्या पटसाठी दोन मिनिटांहून अधिक वेळ घेतला, तेव्हा जगभर टीका झाली, परंतु दंड झाला नाही. याउलट २०१३ च्या मास्टर्समध्ये चीनचा ग्वान तियानलांग हा चौदा वर्षांचा मुलगा संथ खेळासाठी एका फटक्याच्या दंडास पात्र ठरला. त्याने तो निर्णय शांतपणे स्वीकारला आणि तरीही तो कट (शेवटच्या दोन फेऱ्यांत जाण्याची मर्यादा) पार करून पुढच्या दोन दिवसांत खेळला. २०२३ मध्ये फ्रान्समधील एव्हियां चॅम्पियनशिपमध्ये स्पेनच्या कार्लोटा सिगांडा हिला दोन फटक्यांचा दंड झाला. तो न धरता तिने स्कोअरकार्डावर सही केली आणि ती स्पर्धेतून बाद झाली. महिलांच्या व्यावसायिक स्पर्धा घेणाऱ्या एलपीजीएने २०२५ पासून नियम आणखी स्पष्ट केले असून, ठरलेल्या वेळेपेक्षा पाच सेकंदांपर्यंत उशीर झाल्यास आर्थिक दंड, सहा ते पंधरा सेकंदांसाठी एक फटका आणि त्याहून अधिक उशिरासाठी दोन फटके असा क्रम ठरवला आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रियात युरोपियन टूरची एक संपूर्ण स्पर्धा प्रत्येक फटक्याला घड्याळ लावून खेळवली गेली आणि फेऱ्या नेहमीपेक्षा बऱ्याच लवकर संपल्या. जगातील सर्वात प्रतिष्ठित स्पर्धेत चौदा वर्षांच्या मुलाला दंड करता येत असेल, तर आपल्या क्लबच्या मासिक स्पर्धेत ज्येष्ठ सभासदाला एक फटक्याचा दंड करणे अशक्य का मानले जाते?

नियमांनी समितीला यासाठी पुरेसे अधिकार दिलेले आहेत. नियम ५.६ नुसार समितीने खेळाच्या वेगाचे धोरण स्थानिक नियम म्हणून स्वीकारावे, असे अपेक्षित आहे. संपूर्ण फेरीसाठी, काही होलसाठी किंवा एका फटक्यासाठी वेळेची मर्यादा त्यात घालता येते. नियम १.२ नुसार समिती आपली आचारसंहिता तयार करू शकते आणि तिच्या भंगासाठी दंड ठरवू शकते. स्पर्धेबाहेरच्या फेऱ्यांसाठी तर याहून सोपा मार्ग आहे. स्टार्टरने (पहिल्या टीवरून गट सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने) प्रत्येक गटाची सुटण्याची, नवव्या होलवर पोहोचण्याची आणि फेरी संपण्याची वेळ वहीत नोंदवावी आणि महिन्याच्या शेवटी समितीने ती वही पाहावी. जो गट पुढच्या गटापासून पुन्हा पुन्हा एक पूर्ण होल मागे पडतो, त्याला कॅप्टनने स्वतः पत्र लिहावे आणि तरीही फरक पडला नाही, तर त्या गटाला काही आठवडे सकाळची पहिली वेळ देऊ नये. पत्र कॅप्टनच्या सहीने जावे, मार्शलच्या तोंडून नव्हे. आणि पहिले पत्र समितीतीलच एखाद्या सदस्याला जाण्याची वेळ आली, तर ते न चुकता जावे, कारण त्या एका पत्राने जे साधेल ते फलकावरच्या कोणत्याही सूचनेने साधणार नाही.

या सगळ्यात एका वर्गाचा विचार आपण जवळपास करतच नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे माझे मुख्य कारण तेच आहे. कॅडीला मजुरी फेरीवर मिळते, तासावर नाही. सकाळी साडेसहाला सुटलेली फेरी साडेदहाला संपली तर त्याला घरून आणलेली भाकरी खाऊन, थोडा विसावा घेऊन दुपारची दुसरी बॅग घेता येते. तीच फेरी बारापर्यंत लांबली तर दुपारच्या यादीत त्याचे नाव मागे पडते. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एक वाजता सुटलेली फेरी चार तासांत उजेडी संपते. पाच-साडेपाच तासांची फेरी संपतच नाही, आणि म्हणून अनेक खेळाडू दुपारी नऊच होल खेळतात व कॅडीला अर्धीच मजुरी मिळते. आपण ग्रीनवर उभे राहून जो वेळ घालवतो, त्याची किंमत अशा रीतीने दुसऱ्याच्या खिशातून जाते. फेरी साडेचार तासांपेक्षा लांबल्यास त्या गटाने आपल्या कॅडीला ठरावीक जादा रक्कम द्यावी, असा नियम क्लबांनी करावा, ही मागणी मी येथे करतो. ती न्याय्य आहे आणि वेगावर तिचा परिणामही होईल. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान कॅडीच्या दुपारच्या मजुरीपर्यंतही पोहोचला पाहिजे.

मैदानावर काम करणाऱ्या माळी आणि तण काढणाऱ्या बायकांबद्दलही हेच म्हणावे लागेल. गटांची कोंडी झाली की मागचे खेळाडू चिडतात आणि पुढचा गट पुरेसा दूर गेला नसताना चेंडू मारतात. गोल्फचा चेंडू डोक्याला लागला तर जीवही जाऊ शकतो. फेअरवेच्या कडेला उकिडवे बसून काम करणाऱ्या बाईला मागून येणारा चेंडू दिसत नाही, आणि 'फोर!' ही आरोळी कशासाठी आहे हे तिला कोणी सांगितलेले असेलच असे नाही. पुढच्या गटाच्या अंगावर चेंडू मारणे आणि कामगारांना सावध न करता फटका मारणे, या दोन गोष्टींना क्लबच्या आचारसंहितेत सर्वात कडक शिक्षा असावी. संथ खेळापेक्षाही कडक.

वेगवान गटाला पुढे जाऊ देण्याची रीतही विस्मरणात गेली आहे. पुढचा एक पूर्ण होल रिकामा असेल आणि मागचा गट थांबलेला असेल, तर त्याला पुढे जाण्याचे आमंत्रण द्यावे, मग त्या गटात दोघे असोत वा चौघे. एकट्या खेळाडूला मैदानावर काही हक्क नाही, ही पूर्वीची समजूत नियमांनी केव्हाच मागे टाकली आहे, तरी आपल्याकडे ती अजून ऐकू येते आणि तिचा फटका सर्वात जास्त बसतो तो मुलांना आणि स्त्रियांना. दोन मुली झपाझप खेळत मागे येऊन थांबल्या आहेत आणि पुढचे चौघे मागे वळूनही पाहत नाहीत, हे दृश्य मी अनेक मैदानांवर पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथ्या क्रमांकावर आली, तेव्हा पहाटे उठून गोल्फ पाहणाऱ्या घरांमध्ये यापूर्वी कधी गोल्फचे नावही निघाले नव्हते. त्या घरांतली मुले शिकण्यासाठी मैदानावर आली आणि त्यांना पाच तास ताटकळत उभे राहावे लागले, तर ती दुसऱ्या खेळाकडे वळतील.

त्या मुलांना शिष्टाचार कोण शिकवतो, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे बंकरमधली वाळू कॅडी सारखी करतो, डिव्हॉटमध्ये (फटक्याने गवत उखडून झालेल्या खळग्यात) वाळू कॅडी भरतो, ग्रीनवरचा पिच मार्कही (चेंडू आदळून पडलेला खड्डाही) तोच दुरुस्त करतो, आणि त्यामुळे कित्येक वर्षे खेळणाऱ्या माणसालाही पिच मार्क कडेकडून मध्याकडे ढकलून बसवायचा असतो, खालून उचकटायचा नसतो, हे ठाऊक नसते. उचकटला की खालची मुळे तुटतात आणि तेथे तपकिरी ठिपका राहतो. बर्म्युडा गवताचा उखडलेला तुकडा परत लावला तरी बहुधा जगत नाही. खळग्यात वाळू भरली की भोवतालचे गवत सरकत येऊन तो भरून काढते. बंकरमध्ये उंच काठावरून उडी न मारता उतरत्या बाजूने शिरावे, म्हणजे काठ ढासळत नाही आणि सारखी करायची पावलेही कमी उमटतात. या गोष्टी शिकवायला अर्धा तास पुरतो. नव्या सभासदाला आणि प्रत्येक कनिष्ठ खेळाडूला मुख्य मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वी हा अर्धा तास द्यावा, आणि तो एखाद्या अनुभवी कॅडीने द्यावा, कारण मैदानाची काळजी कशी घ्यावी हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्या वेळेचा त्याला मोबदला मिळावा, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

आपण या पत्राला उत्तर द्यावे अशी माझी अपेक्षा आहे, आणि ते उत्तर निर्णयांच्या रूपात यावे. आपल्या मैदानावरील सर्वात वेळखाऊ होलला किती मिनिटे लागतात, हे येत्या दोन रविवारी घड्याळ लावून मोजावे आणि टी-टाइमचे अंतर त्यानुसार ठरवून, हंगामाची पहिली स्पर्धा होण्यापूर्वी सभासदांना कळवावे. हरवलेल्या चेंडूचा स्थानिक नियम, वेगाचे धोरण आणि लांबलेल्या फेरीसाठी कॅडींना द्यावयाची जादा रक्कम, हे तीन ठराव कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत मांडावेत. हे ठराव फेटाळले गेले, तर कोणत्या कारणास्तव फेटाळले तेही इतिवृत्तात लिहावे, म्हणजे सर्वसाधारण सभेत त्यावर सभासदांना आपले मत देता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सभासद